एका वैमानिकाचे साक्षीदार



आज मी ज्याच्याविषयी बोलणार आहे तो इंग्रज होता. त्यानं जर्मनीवर बॉम्ब टाकले आणि तो बेल्जियममध्ये मेला. त्याचं नाव लेस्ली टॉमस मॅन्सर. जन्म ११ मे १९२२, मृत्यू ३१ मे १९४२. म्हणजे विशी पूर्ण होऊन वीसच दिवस झाले होते. ‘या परक्या पोराशी आपलं काय नातं?’ असा प्रश्न आपल्यापैकी काहींच्या मनात आला असेल, आणि तो रास्तच आहे. एक नातं सरळ आहे. हा मुलगा जन्मला दिल्लीत आणि शिकायला लागला दार्जिलिंगच्या डोंगरात. पण तेवढ्यासाठी मी तुमची संध्याकाळ मागितली नसती. दुसरं कारण मोठं आहे. त्याच्या मरणाची हकीकत आपल्याला मिनिटामिनिटानं ठाऊक आहे आणि त्याच रात्री मेलेल्या शेकडो माणसांची मुळीच ठाऊक नाही. असं का झालं, हे पाहता पाहता शौर्य, स्मारकं आणि इतिहास यांबद्दल काही गोष्टी हाती लागतात. त्या तुमच्यापुढे ठेवाव्यात, एवढाच माझा उद्देश.

मॅन्सरचे वडील हिंदुस्थान सरकारच्या टपाल आणि तार खात्यात इंजिनिअर होते. लेस्ली जन्मला तेव्हा नवी दिल्ली अजून बांधलीच जात होती. पोराला कर्सियांगच्या व्हिक्टोरिया शाळेत घातलं. दार्जिलिंगच्या छोट्या गाडीच्या वाटेवर हे गाव लागतं. पुढे कुटुंब मायदेशी परतलं, लंडनच्या उत्तरेला रॅडलेट इथे स्थायिक झालं आणि मुलगा जवळच्या एल्स्ट्रीच्या ऑल्डनहॅम शाळेत जाऊ लागला. साम्राज्याच्या नोकरीत असलेल्या मध्यमवर्गीय इंग्रज घरातलं हे अगदी ठरीव बालपण होतं. त्यात पुढच्या घटनेची चाहूल शोधायला जाऊ नये. वीरांच्या चरित्रांत लहानपणीच पराक्रमाच्या खुणा दाखवायची आपल्याकडे हौस आहे. इथे तशा खुणा नाहीत.

उलट, युद्ध सुरू झाल्यावर हा मुलगा भरतीला गेला तेव्हा लष्करानं त्याला घेतलं नाही आणि नौदलानंही घेतलं नाही. ऑगस्ट १९४० मध्ये हवाई दलानं त्याला स्वीकारलं. इंग्लंडच्या आकाशात तेव्हा लढाऊ विमानांची झुंज चालू होती. वर्तमानपत्रं त्या वैमानिकांच्या फोटोंनी भरलेली असत. मॅन्सरच्या वाट्याला मात्र बॉम्बफेकी विमान आलं. मे १९४१ मध्ये तो पायलट ऑफिसर झाला, उरलेलं प्रशिक्षण संपवलं आणि ऑगस्टअखेर लिंकनशरमधल्या ५० नंबरच्या स्क्वाड्रनमध्ये दाखल झाला. दोनच दिवसांनी, दुय्यम वैमानिक म्हणून, हॅम्पडन विमानातून तो फ्रँकफुर्टवर गेला. पुढच्या दोन महिन्यांत बर्लिन, हॅम्बुर्ग आणि कार्ल्सरुह झालं. नोव्हेंबरात त्याला प्रशिक्षण केंद्रावर धाडलं. एकोणीस वर्षांचा हा वैमानिक आता इतरांना तयार करू लागला. शिकवणाऱ्याच्या गाठीला अनुभव किती, तर एका उन्हाळ्याच्या शेवटापासून पानगळीपर्यंतचा! पण त्या दलात तेवढाही अनुभव पुष्कळ मानला जाई, कारण तेवढे दिवस जगलेली माणसंच कमी होती.

इथे एक आकडा सांगतो. ब्रिटनच्या बॉम्बर कमांडमध्ये युद्धकाळात सुमारे सव्वा लाख माणसांनी उड्डाणं केली. त्यातली ५५,५७३ मेली. शंभरातली चव्वेचाळीस. ही सगळी स्वेच्छेनं आलेली माणसं होती. विमानात बसण्याची सक्ती कुणावरही नव्हती. तीस मोहिमा पुऱ्या केल्या की एक पाळी संपायची आणि काही महिने विश्रांती मिळायची. हे तीस पुरे होणार का, याचं गणित प्रत्येकाच्या डोक्यात चालू असे आणि भोजनगृहात ते मोठ्यानं कुणी मांडत नसे.

आता हे दल काय करत होतं तेही पाहू. त्याशिवाय मॅन्सरची रात्र कळणार नाही. १९४१ च्या ऑगस्टमध्ये बट नावाच्या एका सरकारी अधिकाऱ्यानं विमानांतून काढलेले फोटो तपासून अहवाल दिला. लक्ष्यावर बॉम्ब टाकले असं सांगणाऱ्या विमानांपैकी फक्त एक तृतीयांश विमानं लक्ष्याच्या पाच मैलांच्या आत पोचली होती. ऱ्हूरच्या धुरकट औद्योगिक पट्ट्यात तर दहातलं एक. म्हणजे रात्रीच्या अंधारात कारखाना सापडतच नव्हता. यातून दोन निष्कर्ष निघू शकत होते. हे काम थांबवावं, हा एक. दुसरा असा की, जे अंधारातही सापडेल एवढं मोठं लक्ष्य निवडावं. एवढं मोठं लक्ष्य म्हणजे शहर. १४ फेब्रुवारी १९४२ च्या आदेशानं दुसरा निष्कर्ष अधिकृत केला. शत्रूच्या नागरी लोकांचं, विशेषतः औद्योगिक कामगारांचं मनोधैर्य खच्ची करणं हे उद्दिष्ट ठरलं. त्यानंतर साधारण आठवड्यानं आर्थर हॅरिस या दलाचा प्रमुख झाला. धोरण त्याच्या आधीचं होतं, पण ते राबवण्याची उमेद त्याच्याइतकी कुणाकडे नव्हती.

हॅरिसला आपल्या दलाचं अस्तित्व टिकवायचं होतं. नौदलाला ही विमानं समुद्रावर हवी होती, लष्कराला रणांगणावर. म्हणून त्यानं एक हजार विमानं एकाच रात्री एकाच शहरावर न्यायची ठरवली. हजार हा आकडा युद्धशास्त्रानं दिलेला नव्हता. तो वर्तमानपत्राच्या मथळ्यासाठी निवडलेला आकडा होता. मोहिमेचं नावही तसंच ठेवलं, ‘मिलेनियम’. अडचण एवढीच की हॅरिसच्या हाताशी लढाईला सज्ज अशी चारशेच्या आसपास विमानं होती. किनारा संरक्षणाच्या दलाकडून विमानं मागितली, तर नौदलानं ती देऊ दिली नाहीत. मग प्रशिक्षण केंद्रांतली जुनी विमानं बाहेर काढली. शिकवणारे आणि शिकाऊ उमेदवार त्यांत बसवले. असं करता करता १,०४७ विमानं उभी राहिली.

मॅन्सर एप्रिलमध्ये ५० व्या स्क्वाड्रनकडे परतला होता. स्क्वाड्रन आता लिंकन शहराला लागून असलेल्या स्केलिंगथॉर्पच्या तळावर होती आणि तिच्याकडे मँचेस्टर नावाची विमानं आली होती. हे विमान म्हणजे कागदावर चांगली दिसणारी आणि हवेत फसलेली कल्पना. चार इंजिनांचं काम दोनच इंजिनांकडून करून घ्यायचं, म्हणून रोल्स-रॉइसनं व्हल्चर नावाचं चोवीस सिलिंडरचं इंजिन बनवलं. ते तापायचं, अचानक बंद पडायचं, कधी पेट घ्यायचं. दोनपैकी एक गेलं की भरलेलं विमान उंची राखू शकत नसे. कारखान्यानं पुढे याच सांगाड्यावर चार मर्लिन इंजिनं बसवली आणि त्यातून लँकेस्टर हे त्या युद्धातलं नावाजलेलं बॉम्बर तयार झालं. मँचेस्टर जून १९४२ मध्ये लढाईतून काढून घेतलं. मॅन्सरची रात्र ३० मेची. म्हणजे जे विमान महिन्याभरात बाद होणार होतं, त्याच विमानातून तो गेला.

लक्ष्य आधी हॅम्बुर्ग होतं. हवामान बिघडलं म्हणून कलोन ठरलं. ३० मेची रात्र पौर्णिमेची. ऱ्हाइन नदीचं वळण चांदण्यात लखलखणार होतं. मॅन्सरच्या विमानाचा क्रमांक एल ७३०१. आत सातजण होते. दुय्यम वैमानिक सार्जंट बेव्हीस्टॉक, दिशादर्शक बार्न्स, बिनतारी संदेश पाहणारा हॉर्स्ली, गनर किंग, पुढचा गनर मिल्स, शेपटीतला गनर नेलर आणि कप्तान मॅन्सर. पोटात आग लावणारे बॉम्ब खच्चून भरले होते. आधीच थकलेलं हे विमान त्या ओझ्यानं सात हजार फुटांच्या वर चढेना. बाकीची बरीच विमानं त्याहून कितीतरी उंचावरून जात होती. परत फिरायला हे कारण पुरेसं होतं आणि कुणी बोटही दाखवलं नसतं. तो पुढे गेला.

कलोनवर पोचताच शोधदिव्यांनी विमान पकडलं. एका दिव्यानं धरलं की बाकीचे त्यावर एकवटतात, आणि मग तोफांना नेम धरायला वेळ लागत नाही. मॅन्सरनं विमान सरळ रेषेत ठेवलं, बॉम्ब सुटेपर्यंत ठेवलं. बॉम्ब सुटले आणि तोफगोळ्यानं विमान हादरलं. त्यानं एकदम खाली सूर मारला. हजार फुटांपर्यंत उतरूनही शहर मागे पडेपर्यंत मारा थांबला नाही. तोवर नेलर जखमी झाला होता, पुढचा भाग धुरानं भरला होता आणि डावं इंजिन तापत चाललं होतं. सगळ्यांनी तिथेच उड्या टाकल्या असत्या तर ते जिवंत राहिले असते, फक्त कैदी झाले असते. मॅन्सरनं विमान दोन हजार फुटांवर चढवलं आणि घराचा रस्ता धरला. मग डाव्या इंजिननं पेट घेतला. ज्वाळा पंखावर पसरल्या. आग विझायला दहा मिनिटं लागली. इंजिन कायमचं गेलं, पंखाचा काही भाग जळाला आणि वेग धोक्याच्या रेषेखाली आला. सामान बाहेर फेकून भार कमी केला. तरी विमान खाली येतच राहिलं. इंग्लंडच्या सर्वांत जवळच्या तळाकडे त्यानं नाक वळवलं, पण बेल्जियमच्या सीमेवर विमान हातचं जाऊ लागलं.

त्यानं उड्या टाकण्याचा हुकूम दिला. एकेक करून सगळे निघाले. शेवटी बेव्हीस्टॉक उरला. त्यानं कप्तानाचं पॅराशूट उचलून पुढे केलं. मॅन्सरनं हात झटकून त्याला जायला सांगितलं, कारण आणखी काही क्षणच विमान सरळ धरता येणार होतं. दांडा सोडला असता तर विमान तत्काळ कलंडलं असतं आणि जे अजून आत होते, ते आतच राहिले असते. बेव्हीस्टॉकनं उडी टाकली ती इतक्या खालून, की पॅराशूट पुरतं उघडायलाही वाव नव्हता. तो एका पाण्यानं भरलेल्या चरात पडला म्हणून वाचला. वरून उतरणाऱ्यांनी आपलं विमान ब्रे या गावाजवळ आदळून पेटलेलं पाहिलं. मॅन्सर त्यातच होता.

मित्रहो, इथवर मी जे सांगितलं ते आपल्याला कसं कळलं? विमान जळून गेलं होतं. जर्मन पहारेकऱ्यांच्या नोंदीत ते फक्त पाडलेलं एक विमान होतं. त्या रात्री ब्रिटिशांची एकूण ४१ विमानं परतली नाहीत. स्केलिंगथॉर्पच्या फळ्यावर एल ७३०१ च्या पुढे ‘परतलं नाही’ एवढीच नोंद झाली असणार. सात घरांना तारा गेल्या असत्या आणि गोष्ट संपली असती.

ती संपली नाही, कारण बेल्जियममधल्या साध्या माणसांनी स्वतःच्या जिवावर बेतणारं काम केलं. वाचलेल्या सहांपैकी बार्न्स कैद झाला. बाकीचे पाचजण शेतकऱ्यांच्या घरांत, गोठ्यांत लपले. शत्रूच्या वैमानिकाला आसरा दिला तर मृत्युदंड किंवा छळछावणी, हे प्रत्येक गावात जाहीर केलेलं होतं. तरी त्यांना खायला मिळालं, साधे कपडे मिळाले आणि पुढच्या माणसाचा पत्ता मिळाला. एका हातातून दुसऱ्या हातात असे ते ‘कॉमेत’ नावाच्या गुप्त साखळीत पोचले. ही साखळी उभी केली होती आंद्रे द जाँग या बेल्जियन तरुणीनं. तिनं काम सुरू केलं तेव्हा ती चोवीस वर्षांची होती. ब्रुसेल्सहून पॅरिस, तिथून फ्रान्सच्या नैर्ऋत्य टोकाला आणि मग रात्री पायी पिरेनीज पर्वत ओलांडून स्पेन, शेवटी जिब्राल्टर. डोंगरात वाट दाखवायला फ्लोरेंतिनो नावाचा बास्क तस्कर असे. आयुष्यभर सीमेपलीकडून माल आणणाऱ्या माणसाला ती पायवाट अंधारातही पाठ होती. आंद्रेनं स्वतः शंभराहून अधिक जणांना असं पार नेलं. जानेवारी १९४३ मध्ये ती पकडली गेली. चौकशीत तिनं आपणच प्रमुख असल्याचं सांगून टाकलं, पण जर्मन अधिकाऱ्यांचा विश्वास बसेना. एका पोरीनं एवढं केलं, हे त्यांना पटेना. ती छळछावण्यांतून जिवंत परतली. तिच्या वडिलांना मात्र गोळ्या घालण्यात आल्या. युद्धानंतर ती परिचारिका झाली आणि आफ्रिकेतल्या कुष्ठरोग्यांच्या रुग्णालयांत तिनं आयुष्य घालवलं.

मॅन्सरचे पाचही साथीदार याच साखळीतून काही आठवड्यांत इंग्लंडला पोचले. प्रत्येकानं आपापली हकीकत लिहून दिली आणि त्या हकीकती जुळल्या. ऑक्टोबर १९४२ मध्ये मॅन्सरला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस जाहीर झाला. मानपत्रात जे लिहिलं आहे, त्यातलं एकेक वाक्य त्या पाचजणांच्या तोंडून आलेलं आहे.

माझं म्हणणं आता स्पष्ट मांडतो. शौर्य घडतं माणसाच्या हातून, पण ते इतिहासात शिरतं साक्षीदाराच्या हातून. आणि साक्षीदार जिवंत राहणं ही बऱ्याचदा तिसऱ्याच कुणाची तरी कृपा असते. मॅन्सरनं दांडा धरून ठेवला नसता तर पाचजण वाचले नसते. ते पाचजण वाचले नसते तर मॅन्सर आपल्याला ठाऊकच झाला नसता. पण बेल्जियन शेतकऱ्यांनी दार उघडलं नसतं तर या दोन्ही गोष्टी व्यर्थ गेल्या असत्या. त्या ५५,५७३ मृतांत शेवटच्या क्षणापर्यंत दांडा धरून बसलेले आणखी किती मॅन्सर असतील? त्यांच्या विमानातून कुणीच परतलं नाही, एवढाच काय तो फरक. पदकांच्या यादीला आपण शौर्याची मोजणी समजतो. खरं तर ती वाचलेल्या साक्षीदारांची मोजणी असते.

बेव्हीस्टॉकचंच पुढचं आयुष्य पाहा. तो स्वतः सन्डरलंड या उडत्या नावेचा कप्तान झाला. १९४४ च्या जून आणि ऑगस्टमध्ये त्यानं दोन जर्मन पाणबुड्या बुडवल्या. दोन्ही पाणबुड्यांतला एकही माणूस वाचला नाही. त्या लोखंडी नळीत शेवटच्या क्षणी कुणी कुणासाठी झडप दाबून धरली, कुणी आपली जागा दुसऱ्याला दिली, हे कधीच कुणाला कळणार नाही. मॅन्सरच्या शौर्याचा प्रमुख साक्षीदार शत्रूच्या शौर्याला एकही साक्षीदार उरू न देणारा ठरला. यात त्याला दोष द्यायचा नाही. पाणबुडी बुडवणं हे त्याचं कर्तव्य होतं. पण युद्ध साक्षीदारांचं काय करतं, हे याहून चांगलं मला सांगता येणार नाही.

आता कलोनकडे वळू. हा भाग टाळून मॅन्सरचा गौरव करता येतो आणि पुष्कळ ठिकाणी तसा केलाही जातो. त्या रात्री ८६८ विमानांनी मुख्य लक्ष्यावर १,४५५ टन बॉम्ब टाकले. त्यात दोन तृतीयांशांच्या आसपास आग लावणारे होते. नव्वद मिनिटांत हे सगळं उरकायचं, अशी योजना होती, म्हणजे अग्निशामक दलाला एका ठिकाणची आग विझवायला फुरसत मिळू नये. ३,३३० इमारती जमीनदोस्त झाल्या, पंचेचाळीस हजारांवर लोक बेघर झाले, ४६९ माणसं मेली. त्यातले ४११ नागरिक होते. हजार विमानांच्या मानानं मृतांचा आकडा लहान ठरला, कारण कलोनच्या लोकांनी तळघरं चांगली बांधली होती आणि शहरातले रस्ते रुंद होते. पुढच्या वर्षी हॅम्बुर्गमध्ये आगीचं वादळ उठलं तेव्हा हिशेब दहा हजारांच्या पटीत गेला. कलोनवर युद्धाअखेरपर्यंत २६२ हवाई हल्ले झाले आणि तिथली सुमारे वीस हजार माणसं मेली.

मॅन्सरच्या विमानातले आगीचे बॉम्ब कुठे पडले, कुणाच्या घरावर पडले, हे कुणी सांगू शकत नाही. एखाद्या आईनं तळघराच्या दारात उभं राहून शेजारची पोरं आधी आत ढकलली असतील. एखाद्या म्हाताऱ्यानं जळत्या जिन्यावरून कुणाला तरी खांद्यावर आणलं असेल. असं घडलंच नसेल असं म्हणायला माणसाच्या स्वभावात काही आधार नाही. पण त्यांच्यासाठी मानपत्र लिहायला कुणी पिरेनीज ओलांडून गेलं नाही.

मग मॅन्सरचं शौर्य खोटं ठरतं का? मुळीच नाही. त्याचं शौर्य कलोनच्या मृतांना झाकतं का? तेही नाही. आपल्याकडे अशा वेळी वजाबाकी करायची सवय आहे. कुणी म्हणतं, तो शूर होता, तेव्हा शहराची चर्चा नको. कुणी म्हणतं, शहर जाळलं, तेव्हा शौर्याची चर्चा नको. माझ्या मते या दोन रकमा वेगवेगळ्या खात्यांतल्या आहेत. एकीतून दुसरी वजा होत नाही. साथीदारांसाठी त्यानं जे केलं ते पूर्ण आहे आणि त्या शहरावर जे झालं तेही पूर्ण आहे. धोरण ठरवणारे एका खोलीत होते, विमान चालवणारा दुसरीकडे होता, मरणारे तिसरीकडे. जबाबदारी वाटताना हे अंतर लक्षात घ्यावं लागतं. ज्यांनी आदेश लिहिला त्यांच्या वाट्याचा भार वीस वर्षांच्या मुलाच्या खांद्यावर टाकणं अन्याय्य आहे. पण त्या मुलाच्या नावाची ढाल करून त्या आदेशाची चिकित्सा टाळणं हेही तितकंच अन्याय्य आहे.

इंग्लंडमध्ये हा वाद स्मारकांच्या रूपानं उभा राहिला. हॅरिसचा पुतळा लंडनमध्ये उभारला तेव्हा त्याचं अनावरण ठरलं ३१ मे १९९२ या दिवशी. कलोनवरच्या त्या रात्रीला तेव्हा पन्नास वर्षं पुरी होत होती, आणि मॅन्सरच्या मृत्यूलाही. कलोनच्या महापौरांनी निषेध नोंदवला. अनावरणाच्या वेळी लोकांनी आरडाओरडा केला. वैमानिकांसाठी स्वतंत्र स्मारक व्हायला त्यानंतर आणखी वीस वर्षं लागली. लंडनच्या ग्रीन पार्कमध्ये ते उभं राहिलं २०१२ साली. म्हणजे पुतळा सेनापतीचा आधी आणि पोरांचं स्मारक नंतर. हा क्रम मला अजिबात आश्चर्याचा वाटत नाही. सगळीकडे असंच होतं.

कलोननं वेगळी वाट धरली. बॉम्बफेकीत पडलेलं तिथलं सेंट अल्बान हे चर्च पुन्हा बांधलंच नाही. छप्पर नसलेल्या त्या भिंतींच्या आत १९५९ मध्ये दोन गुडघे टेकलेल्या मूर्ती बसवल्या. एक बाप, एक आई. मूळ शिल्प कॅथे कोल्वित्झचं. पहिल्या महायुद्धात, ऑक्टोबर १९१४ मध्ये, तिचा अठरा वर्षांचा मुलगा पीटर बेल्जियममध्ये मारला गेला. तिला ते शिल्प पुरं करायला जवळजवळ अठरा वर्षं लागली. मूळ मूर्ती आज बेल्जियममधल्या व्लाड्स्लो इथे जर्मन सैनिकांच्या दफनभूमीत आहेत. एका जर्मन शहरानं आपल्या मृतांची आठवण ठेवताना बंदुकीसह गेलेल्या मुलाचे आईबाप निवडले. मारणारा आणि मरणारा यांच्या आयांमध्ये फरक न करणारं हे स्मारक आहे. मॅन्सरची कबरही बेल्जियममध्येच, लूव्हेनजवळच्या हेव्हर्ली इथल्या युद्ध दफनभूमीत आहे.

आणि स्केलिंगथॉर्पचा तळ? तो बंद झाला, तिथे वसाहत उठली. त्या वसाहतीतल्या प्राथमिक शाळेला लेस्ली मॅन्सरचं नाव आहे. त्याच्या हयातीत तो शिकाऊ वैमानिकांचा शिक्षक होता. आता त्याच्या नावाच्या शाळेत पोरं पाढे शिकतात. मला हे स्मारक पुतळ्याहून बरं वाटतं.

मॅन्सरच्या घरातलं आणखी एक मरण आपल्या मातीवर झालं. त्याची बहीण मेव्हिस हिचं लग्न जॉन निएल रँडल या अधिकाऱ्याशी झालं होतं. रँडल जन्मला बनारसला. ४ ते ६ मे १९४४ या दिवसांत कोहिमाच्या डोंगरावर, कंपनीचा प्रमुख जखमी झाल्यावर त्यानं सूत्रं हाती घेतली. त्याच्या गुडघ्यात तुकडे घुसले होते. ६ मे रोजी जपानी मशीनगनच्या मोर्च्यावर तो एकटा धावून गेला, आत बॉम्ब टाकला आणि मोर्च्याची फट स्वतःच्या शरीरानं बंद केली. वय २६. त्यालाही मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. एका घरातला मुलगा आणि जावई, दोघांना दोन वर्षांत तेच पदक, दोघांनाही मेल्यावर. दिल्लीत जन्मलेला बेल्जियममध्ये पुरला गेला आणि बनारसमध्ये जन्मलेला नागालँडमध्ये.

कोहिमाची लढाई आपल्याशी आणखी जवळून जोडलेली आहे. मार्च १९४४ मध्ये सांगशाक इथे मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या चौथ्या बटालियननं गुरखा छत्रीधारी सैनिकांबरोबर जपान्यांना काही दिवस अडवून धरलं. त्या दिवसांमुळे कोहिमाला तयारीला वेळ मिळाला. त्याच वर्षी, १० जुलैला, इटलीत टायबर नदीच्या खोऱ्यात मराठा लाइट इन्फन्ट्रीचे नाईक यशवंत घाडगे यांनी एकट्यानं मशीनगनचा मोर्चा घेतला आणि तिथेच ते मारले गेले. रायगड जिल्ह्यातल्या पळसगावचे ते. वय २२. माणगावात त्यांचा पुतळा आहे. घाडगे यांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला; त्यांच्या आणि मॅन्सरच्या पदकावर एकच मजकूर आहे आणि दोघांचीही उमर जवळजवळ सारखी.

पण ज्यांना पदक मिळालं नाही त्यांचं काय? सातारा जिल्ह्यातल्या अपशिंगे मिलिटरी या गावानं पहिल्या महायुद्धात ४६ माणसं गमावली. हा आकडा आपण भाषणांत अभिमानानं सांगतो. त्या ४६ पैकी किती जणांची नावं या सभागृहात कुणाला सांगता येतील? ते कुठल्या आघाडीवर, कशानं, कुणाबरोबर मेले? त्यांच्याबरोबरचे जे परत आले त्यांना कुणी बसवून विचारलं होतं का? बहुतेकांना लिहिता येत नव्हतं, आणि ज्यांना लिहिता येत होतं त्यांना विचारायची गरज वाटली नाही. इंग्रज घरातल्या मुलाच्या शेवटच्या दहा मिनिटांचा तपशील मिळतो. आपल्या गावातल्या माणसाचं मरणसाल शोधताना दमछाक होते. हा फरक शौर्याचा नाही. विचारण्याचा आणि लिहून ठेवण्याचा आहे.

म्हणून शेवटी मागणं एवढंच. १९६२, १९६५, १९७१ या युद्धांतली माणसं अजून आपल्या गल्लीत, आपल्या बसमध्ये आहेत. कारगिलची तर कालची गोष्ट. त्यांच्याकडे जा. पराक्रमाच्या कथा ऐकायला जाऊ नका. त्यांच्याबरोबर कोण होतं, कोण परत आलं नाही, शेवटचं काय पाहिलं, समोर कोण होतं, हे विचारा आणि त्यांच्याच शब्दांत उतरवून घ्या. समोरच्या बाजूच्या माणसाचं काय पाहिलं तेही विचारा. बरेच जवान ते सांगायला तयार असतात, फक्त विचारणारा सापडत नाही. जमवलेलं गावच्या वाचनालयात ठेवा, शाळेत ठेवा. पुतळे उभारायला निधी लागतो, परवानग्या लागतात. या कामाला एक वही आणि दोन दुपारी पुरतात. मॅन्सरला पाच माणसांनी वाचवलं, तो मेल्यानंतर. आपल्याकडच्या कितीतरी माणसांना असं वाचवायला अजून वेळ आहे, पण तो फार उरलेला नाही.